तांब्यावरचं नाव, चासीवरचा नंबर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मागच्या खेपेला मी जुन्या गाड्यांच्या पुनर्नोंदणीबद्दल बोललो होतो. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतलं एक पत्र राजापूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांचं आहे. ते लिहितात, “माझी स्कूटर २०११ सालची. पंधरा वर्षं भरत आली, तेव्हा गाडी आरटीओत दाखवायला न्यावी लागणार. आमचं घर खाडीच्या काठावर. खाऱ्या वाऱ्यानं चेसिस नंबरची जागा गंजून गेली आहे, शेवटचे तीन-चार आकडे वाचता येत नाहीत. आमचा गॅरेजवाला भला माणूस आहे. तो म्हणतो, गुरुजी, माझ्याकडे ठसे आहेत, आर.सी.वरचा नंबर बघून पुन्हा मारून देतो, कोणाला कळणार आहे? मारून घेऊ का?”

गुरुजी, मारून घेऊ नका. गॅरेजवाला भला असेल, तुम्ही तर आहातच. पण ज्या कामाला तो इतक्या सहज तयार झाला आहे, त्या कामासाठी माणसं तुरुंगात गेली आहेत. का, ते आज जरा सविस्तर सांगतो, आणि मग तुम्ही काय करायचं तेही सांगतो. मी एकतीस वर्षं मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली. या एकतीस वर्षांत लोकांनी मला लायसन्सबद्दल विचारलं, टॅक्सबद्दल विचारलं, फॅन्सी नंबरबद्दल तर रोज विचारलं. चेसिस नंबरबद्दल आपणहून विचारणारा माणूस विरळा.

आपल्या घरातल्या जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. लग्नातली भांडी असली की कासार बारीक छिन्नीनं टिंबाटिंबानं नाव कोरून द्यायचा. कार्याला भांडी शेजारीपाजारी गेली तरी परत येताना कोणाचा तांब्या कोणता, यावरून वाद होत नसे. कायद्याच्या भाषेत या नावाला मालमत्तेची खूण म्हणता येईल. गाडीच्या चासीवर कारखान्यात मारलेला नंबर दिसायला याच जातीचा. हल्ली कारखान्यातलं यंत्र तो टिंबाटिंबानंच मारतं, थेट कासारासारखा. पण एक फरक आहे. तांब्यावरचं नाव तो कोणाचा हे सांगतं, तर चासीवरचा नंबर ही गाडी कोणती हे सांगतो. मालक दहा बदलतील, नंबर तोच राहतो. या फरकामुळे कायद्यात एक गंमतीशीर अडचण उभी राहते, तिच्याकडे मी पुढे येईन.

जाता जाता, खेड्यापाड्यांत लोक ‘चासी नंबर’ म्हणतात आणि आम्ही ऑफिसातली माणसं त्यांना हसून ‘चेसिस’ म्हणायला सांगायचो. शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्यात शेवटचा ‘स’ उच्चारत नाहीत. म्हणजे बरोबर तेच होते! असो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांतला १२२ वा नियम सांगतो की गाडीवर चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष ही ओळख कोरलेली किंवा ठोकलेली असली पाहिजे. बॅटरीवरच्या गाडीला इंजिन नाही, तिला मोटारचा क्रमांक. चेसिस क्रमांक सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरं कारखाना सांगतात : ‘एम ए ३’ म्हणजे मारुती, ‘एम ए टी’ म्हणजे टाटा, ‘एम डी २’ म्हणजे बजाज. पुढे मॉडेल, वर्ष आणि शेवटी अनुक्रमांक. मोटारसायकलला हा नंबर हँडलखालच्या नळीवर असतो, कारला बहुधा बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली, टेम्पो-ट्रकला पुढच्या चाकाजवळ चासीच्या लांब पट्टीवर. इंजिनचा नंबर इंजिनच्या अंगावर.

मग नंबरप्लेटचं काय? नंबरप्लेट दोन स्क्रूंवर असते, ती बदलायला पाच मिनिटं पुरतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवायला लावली. त्यासाठी २०२५ मध्ये मुदतीमागून मुदत वाढत गेली आणि तुमच्यापैकी अनेकांनी रांगा लावल्या. ती प्लेट मागवताना चेसिस आणि इंजिनचा क्रमांक विचारतात, हे तुम्हाला आठवत असेल. म्हणजे नवी प्लेटसुद्धा आपली ओळख चासीकडूनच उसनी घेते. चासीवरचा नंबरच खोटा असेल तर त्यावर कितीही चांगली प्लेट लावा, उपयोग काय?

हा नंबर किती चिवट असतो, याचं एक उदाहरण परदेशातलं आहे. १९ एप्रिल १९९५ ला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये एका सरकारी इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला गेला. १६८ माणसं गेली. ट्रकच्या चिंधड्या झाल्या. पण मागच्या ॲक्सलचा एक अवजड तुकडा बराच लांब जाऊन पडला होता, आणि त्याच्यावर क्रमांक होता. त्या क्रमांकावरून तो ट्रक एका भाड्यानं गाड्या देणाऱ्या कंपनीचा निघाला, आणि तिथून तपास कॅन्सस राज्यातल्या जंक्शन सिटी नावाच्या गावातल्या एका दुकानापर्यंत गेला, जिथून तो भाड्यानं नेला होता. आता योगायोग बघा. तो नेणारा टिमथी मॅकव्हे त्या वेळी पोलिसांच्या ताब्यातच होता. स्फोटानंतर दीड तासाच्या आत एका हवालदारानं त्याची मोटार अडवली होती, कारण तिला मागे नंबरप्लेट नव्हती! त्याच्या दोन वर्षं आधी, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात जो स्फोट झाला, त्यातही व्हॅनच्या तुकड्यावरच्या नंबरावरूनच माग लागला. व्हॅन भाड्यानं घेणारा माणूस अनामत रक्कम परत मागायला आला आणि सापडला.

म्हणून चोराचं पहिलं काम हा नंबर घालवणं. आता आपल्याकडचा कायदा त्याबद्दल काय म्हणतो ते पाहू. इथे मला थोडी तक्रार करायची आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात ‘चेसिस नंबर खोडणे’ अशा नावाचं स्वतंत्र कलम नाही. ५२ वं कलम म्हणतं, नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. ५५ व्या कलमाचं पाचवं पोटकलम जास्त थेट आहे. गाडीवर कोरलेला इंजिन किंवा चेसिस नंबर आणि नोंदणीतला नंबर वेगळे आढळले, तर मालकाला बाजू मांडायची संधी देऊन नोंदणी रद्द करायची. यात अधिकाऱ्याची मर्जी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं १८२-अ हे कलम नव्या रूपात आलं, त्यात परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे सगळं मालकाच्या मागे लागतं. ठसा मारणारा कारागीर मालक नसतोच.

त्याच्यासाठी फौजदारी कायद्याकडे जावं लागतं. पूर्वी भारतीय दंड संहिता होती. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात ३४५ आणि ३४६ ही कलमं मालमत्तेच्या खुणेबद्दल आहेत : खोटी खूण वापरणं, आणि दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून खूण पुसणं, बदलणं. शिक्षा वर्षापर्यंत, किंवा दंड. पण व्याख्या काय? मालमत्तेची खूण म्हणजे ही वस्तू अमक्याची आहे असं दाखवणारी खूण. हा झाला आपला तांब्या. चासीवरचा नंबर तर कोणाची गाडी हे सांगतच नाही! हुशार वकील इथे बोट ठेवू शकतो. मघाशी म्हटलं ती अडचण ही.

म्हणून पोलीस दुसऱ्या वाटेनंही जातात, आणि मला ती वाट आवडते. ‘दस्तऐवज’ म्हटलं की आपल्याला कागद दिसतो, स्टॅम्पपेपर दिसतो. कायद्याची व्याख्या फार मोठी आहे. अक्षरं, आकडे किंवा खुणा वापरून कोणत्याही पदार्थावर व्यक्त केलेली आणि पुरावा म्हणून वापरायची बाब म्हणजे दस्तऐवज. कोणत्याही पदार्थावर! म्हणजे पोलादही आलं. मग चासीवर खोटा नंबर मारणं म्हणजे खोटा दस्तऐवज बनवणं, असं मांडता येतं. ३३६ व्या कलमाखाली फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय ३१७ वं कलम आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, तो लपवायला मदत करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि हाच धंदा करणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. ठसे मारणारा बहुधा या लपवायला मदत करणाऱ्यांत सापडतो.

कायदा आहे, पण तो तुकड्यातुकड्यांनी जोडलेला आहे, हे माझं म्हणणं. अमेरिकेत १९८४ साली यासाठी वेगळा कायदा झाला. गाडीचा किंवा तिच्या भागावरचा ओळख क्रमांक जाणूनबुजून खोडला, बदलला की तोच स्वतंत्र गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. गाडी चोरीची आहे हे वेगळं सिद्ध करत बसायला नको. आपल्याकडे तसं एक सरळ कलम का असू नये, हे मला नोकरीत असतानाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

आता हे प्रत्यक्ष कसं चालतं? गाडी चोरून नंबर नुसता घासला तर ती बिनकागदाची गाडी झाली, तिला गिऱ्हाईक नाही. म्हणून आधी कागद शोधतात. घाटात कोसळलेली, पार चक्काचूर झालेली एखादी गाडी विमा कंपनी ‘टोटल लॉस’ म्हणून विकते. भंगाराच्या भावात सांगाडा मिळतो, सोबत खरंखुरं नोंदणी पुस्तक. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरून आणायची आणि तिच्यावर त्या मेलेल्या गाडीचा नंबर चढवायचा. कागद अस्सल, आणि गाडी भलतीच.

१९९८ ची गोष्ट सांगतो. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कार्यालयात होतो. नोव्हेंबरात एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा टेम्पो घेऊन आला. दूध गोळा करून संकलन केंद्रावर पोचवायचा त्याचा धंदा. तोवर सायकलला कॅन लावून करायचा, आता नव्वद हजाराला जुना टेम्पो घेतला होता. त्यातले बरेचसे दूध संस्थेकडून उचल म्हणून. टेम्पो नावावर करायचा होता आणि पासिंगही करायचं होतं. गाडी धुऊन, हार घालून आणली होती.

मी वाकून चासी बघितली. त्या नंबरात दोन आठ होते, आणि ते एकमेकांसारखे नव्हते. एकाचं वरचं वाटोळं लहान होतं आणि खालचं मोठं. दुसऱ्याची दोन्ही सारखी. कारखान्यात एकाच ठशानं मारलेले दोन आठ असे वेगळे येत नाहीत. बोट फिरवलं तर आजूबाजूला कानशीचे बारीक ओरखडे लागले.

मी म्हटलं, “अरे, ही गाडी कोणाकडून घेतलीस?”

“साहेब, कागद सगळे ओरिजिनल आहेत. इथल्याच ऑफिसची गाडी आहे. बघा ना, आत्ताच जुलैमध्ये पासिंग झालंय.”

त्यानं खरंच सांगितलं होतं. मी आत जाऊन बी रजिस्टर आणि फाइल काढली. गाडी आमच्याच जिल्ह्यातली. जुलैमध्ये ती पहिल्या मालकाकडून दुसऱ्याच्या नावावर झालेली, पासिंगही तेव्हाच. फाइलमध्ये चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट चिकटवलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली की आकडे कागदावर उमटतात, ती पेन्सिल प्रिंट. हस्तांतराच्या अर्जाला ती लावतात. त्या जुलैच्या प्रिंटमधले दोन्ही आठ अगदी सारखे होते, आणि मी नुकतीच घेतलेली प्रिंट शेजारी ठेवली तर तिच्यातले वेगळे. म्हणजे जुलैची प्रिंट खऱ्या गाडीची होती. घाटात चक्काचूर होऊन पडलेल्या सांगाड्यावरून कोणीतरी ती शांतपणे घेतली होती. आणि पासिंगला समोर उभा केला होता तो हा चोरीचा टेम्पो. ज्या निरीक्षकानं त्या दिवशी वाकून बघितलं असतं, त्याला आठ महिन्यांच्या पोरालाही दिसावी अशी खोट दिसली असती.

प्रिंटखालची सही माझी होती.

मला तो दिवस आठवत नव्हता. पाऊस असेल, मैदानात चिखल असेल, रांगेत पन्नास गाड्या असतील. एजंटानं प्रिंट लावलेली फाइल पुढे केली असेल आणि मी उभ्या उभ्या सही केली असेल. लाच नव्हती, तेवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. वाकायचा कंटाळा होता.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मी पोलिसांना लेखी कळवलं, वरिष्ठांना सहीबद्दलही कळवलं, मला ताकीद मिळाली. टेम्पो जप्त झाला. प्रयोगशाळेत मूळ नंबर निघाला. गाडी शेजारच्या राज्यातून चोरलेली होती, आणि तिच्या मालकाला विमा कंपनीनं केव्हाच पैसे दिले होते. म्हणून गाडी कोर्टातून त्या कंपनीकडे गेली. विकणारा सापडला, पण पैसे सापडले नाहीत. मुलगा आरोपी झाला नाही, साक्षीदार झाला. पण तो आरोपी नाही हे ठरेपर्यंत त्याला किती फेऱ्या पडल्या त्या त्यालाच ठाऊक. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे आणि त्याचा नियम कठोर आहे. जो स्वतः मालक नाही, तो दुसऱ्याला मालक करू शकत नाही. तुम्ही पूर्ण पैसे दिलेत, पावती घेतलीत, तुमचं मन साफ होतं, तरी चोरीची गाडी तुमची होत नाही. पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायचे, दावा लावून.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या गावात होतो. सकाळी बसस्टँडच्या रस्त्यावर तो सायकलला दोन कॅन लावून जाताना दिसायचा. मला नमस्कार करायचा. साहेबांनी चोरी पकडली असंच तो गावात सांगत असे. सही कोणाची होती हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं.

मघाशी म्हटलं, प्रयोगशाळेत मूळ नंबर निघाला. हे कसं होतं असं लोक नेहमी विचारतात, कारण कानशीनं घासलेला आकडा परत कसा येणार? पोलादावर ठसा मारतात तेव्हा नुसता खड्डा पडत नाही. खड्ड्याच्या खालचे धातूचे कणही दाबले जातात, त्यांची मूळ ठेवण बिघडते. चोर खड्ड्याच्या तळापर्यंत घासतो आणि पृष्ठभाग आरशासारखा करतो. पण खालचा दाबलेला थर तसाच राहिलेला असतो. प्रयोगशाळेत ती जागा आणखी गुळगुळीत करून त्यावर तांब्याचा क्षार आणि आम्ल यांचं द्रावण पुन्हा पुन्हा फिरवतात. दाबलेला धातू आणि न दाबलेला धातू सारख्या वेगानं खाल्ला जात नाही. मग हळूहळू, फोटोच्या अंधाऱ्या खोलीत चित्र उमटावं तसा आकडा दिसू लागतो. तो लगेच टिपून, फोटो काढून ठेवावा लागतो. इंजिनचा नंबर बहुधा ॲल्युमिनियमवर असतो, त्याला वेगळी द्रावणं. आपल्या राज्यात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होतं. मुंबईत ती कालिन्याला आहे.

पण चोरानं फारच खोल घासलं, वर वेल्डिंग केलं, किंवा स्फोटात-आगीत धातूच बदलला, की आकडे अर्धेच येतात. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात भिक्कू चौकात, तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे मोटारसायकलवर ठेवलेल्या, बॉम्बचा स्फोट झाला. सहा जण मरण पावले. त्या मोटारसायकलचे क्रमांक खोडलेले होते, आणि ती कोणाची हा खटल्यातला एक मुख्य प्रश्न होऊन बसला. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. मोटारसायकलची मालकी सिद्ध झाली नाही आणि चेसिसचा क्रमांक तज्ज्ञांना पूर्ण मिळाला नव्हता, हे न्यायालयानं नोंदवलेल्या कारणांपैकी होतं. निकालावर मला इथे काही बोलायचं नाही. पण सतरा वर्षं एवढा मोठा खटला चालतो आणि त्यात काही आकडे वाचता न येण्यावर इतकं अवलंबून राहतं, एवढंच तुमच्या नजरेला आणतो.

एक बाजू राहिली, सुट्या भागांची. आपल्याकडे क्रमांक आहे तो चासीला आणि इंजिनला. दार, बॉनेट, बंपर, गिअरबॉक्स यांच्यावर गाडीची ओळख सांगणारं काही बंधनकारक नाही. म्हणून पुष्कळशा चोरीच्या गाड्या नंबर बदलण्याच्या भानगडीत न पडता सरळ कापल्या जातात. मेरठचं सोतीगंज त्यासाठी देशभर बदनाम होतं. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. गाडी एकदा कापली की तिचं दार कोणत्या गाडीचं हे कोण सांगणार? अमेरिकेच्या त्या १९८४ च्या कायद्यानं हीच फट बुजवायचा प्रयत्न केला. ज्या मॉडेलची चोरी जास्त, त्यांच्या दार, बॉनेट, बंपर, गिअरबॉक्स अशा मोठ्या भागांवरही गाडीचा क्रमांक घालायची सक्ती केली. १९९२ मध्ये आणखी एक कायदा आला आणि चोरीच्या गाड्या कापण्याचा अड्डा चालवणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. दक्षिण आफ्रिकेनं २०१२ पासून नव्या गाड्यांवर सूक्ष्म ठिपके फवारायला लावले, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे, प्रत्येकावर गाडीचा सांकेतिक क्रमांक. आपल्याकडेही २०१९ च्या जुलैमध्ये अशा ठिपक्यांसाठी नियमाचा मसुदा निघाला होता. भंगाराच्या बाबतीत मात्र २०२१ च्या नियमांनी चांगलं काम केलं : नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडताना ती चोरीची नाही ना हे तपासायचं, आणि चेसिस नंबरचा तुकडा कापून वेगळा जपून ठेवायचा. मेलेल्या गाडीचा नंबर जिवंत गाडीवर चढू नये म्हणून.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी काय बघायचं, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. आपला शेतकरी बैलबाजारात दात बघितल्याशिवाय, भोवरे बघितल्याशिवाय बैलाला हात लावत नाही. आणि तोच माणूस लाखाची गाडी सीटकव्हर बघून घेतो! नंबर स्वतः, बॅटरीच्या उजेडात बघा. आकड्यांची उंची, अंतर सारखं आहे का, रंग तेवढ्याच जागी जाड आहे का, कडेला वेल्डिंगची शिवण लागते का. पेन्सिल प्रिंट एजंटानं आणलेली घेऊ नका, तुमच्या हातानं काढा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे चोरीच्या गाड्यांची ‘वाहन समन्वय’ नावाची यादी आहे, तिथे नंबर टाकून ऑनलाइन तपासता येतो. पण ध्यानात घ्या, नंबर टोटल लॉस गाडीचा असेल तर यादीत काहीच सापडणार नाही, कारण ती गाडी कधी चोरीला गेलीच नव्हती. म्हणून विम्याचा इतिहास विचारा. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते बघायला मागा. दाखवायला का-कू करणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

आता गुरुजी, तुमची स्कूटर. गंज ही चोरी नाही, आणि कोकणात असे अर्ज नवे नाहीत. नंबरच्या जागेला कानस, सॅंडपेपर, वायर ब्रश काही लावू नका; रॉकेलच्या बोळ्यानं नुसती पुसा. आज जे आकडे दिसतात त्यांचा उजेडात फोटो काढून ठेवा. मग ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तिथे साध्या कागदावर अर्ज द्या, की चेसिस क्रमांक गंजून अस्पष्ट झाला आहे, पाहणी करून पुढची परवानगी द्यावी. निरीक्षक इंजिनचा नंबर, उरलेले आकडे आणि दप्तरातली नोंद ताडून बघतील. नंबर पुन्हा मारायचा तर तो त्यांच्या लेखी परवानगीनं आणि ते सांगतील तिथेच मारायचा. आणि तसं झाल्याची नोंद दप्तरात झाली का, ते विचारून घ्या. सोबत आर.सी., विम्याचा कागद आणि गाडी घेतली तेव्हाचं बिल न्या. बिल हरवलं असेल तर ज्या डीलरकडून घेतली त्याच्याकडे प्रत मिळते का बघा. पुनर्नोंदणीच्या तारखेआधी निदान दोन महिने जा, शेवटच्या आठवड्यात नको. आणि निरीक्षक वाकून न बघताच सही करायला लागले, तर त्यांना जरा थांबवा आणि बॅटरी तुम्हीच धरा.